माझी आई, आमची गांडुळं

कोल्हापुरात वेडा ठरायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. रंकाळ्यावर संध्याकाळी सगळी दुनिया पाण्याकडे तोंड करून बसलेली असताना तुम्ही पाण्याकडे पाठ फिरवून, गुडघ्यावर बसून, कुणीतरी टाकलेल्या शेंगांच्या टरफलांचा फोटो काढलात की झालं. प्रसेनजीत कुरणे अशा रीतीनं फार आधीच वेडा ठरलेला होता. पुढं अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या एका एजन्सीमार्फत त्याचा फोटो एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला, आत त्याचं नाव छापून आलं, आणि त्यानं तो फोटो परत मागितला. तेव्हा उरलेसुरले लोकही त्याला वेड्यात काढून मोकळे झाले. मी त्यांतला नव्हे. माझं म्हणणं असं की त्या दिवशी आमच्या गावात एकटा तोच शुद्धीवर होता. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं वाचावं, आणि तरीही नाही पटलं तर माझ्या दुकानात येऊन भांडावं. दुकान अजून तिथंच आहे.

मी कृष्णात. मूळचा नेसरीचा, पण लक्ष्मीपुरीत फोटोंची लॅब टाकून आता इतकी वर्षं झाली की नेसरीतलेच लोक मला पावणं म्हणतात. लॅबवाल्याला गावातल्या माणसांची जी ओळख होते ती डॉक्टरलाही होत नाही. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, नव्या स्कूटरपुढं कोण कसा छाती काढून उभा राहिला, सगळं माझ्या हाताखालून जातं. प्रसेनजीतचा रोल पहिल्यांदा आला तेव्हा मी तो धुतला, बघितला आणि कपाळाला हात लावला. पहिल्याच फ्रेममध्ये सिमेंटची एक टाकी. आत काळी माती, वरचं ओलं गोणपाट अर्धं बाजूला सारलेलं, आणि मातीत उभी खोचलेली लाकडी फूटपट्टी. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. पुढच्या रोलची पहिली फ्रेम तीच. त्याच्या पुढच्याचीही तीच. शेवटी मी विचारलं, "पावणं, ह्यात काय पुरलंय काय?"

"गांडुळं हायती," तो म्हणाला. "जित्ती."

तो पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरून तो शाईनं हुबेहूब उतरवणारा माणूस. जिल्ह्यातले कितीतरी कालवे आधी त्याच्या बोटांखालून वाहिले, मग जमिनीवर. पण नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत साहेबांच्या लांबलचक सह्या, आणि ट्रेसरच्या रकान्यात मुंगीएवढी दोन अक्षरं, प्र. कु. एवढंच. त्याला फोटोचा नाद लागला तो त्यामुळं. एकदा कॅलेंडर चाळताना त्यानं फोटोच्या कडेला उभं छापलेलं फोटोग्राफरचं नाव पाहिलं आणि त्या नावावरच तो भाळला. "मला आख्खं नाव पायजे," तो मला म्हणायचा. "दोन अक्षरं खूप झाली मर्दा."

त्यासाठी त्यानं जुन्या बाजारातून जपानी कॅमेरा घेतला आणि मुंबईच्या एका एजन्सीशी संधान बांधलं. ही एजन्सी म्हणजे फोटोंचं गोदाम. तुमचे फोटो ती ठेवून घेणार, आणि ज्या कॅलेंडरवाल्याला, मासिकवाल्याला जसा पाहिजे तसा काढून देणार. तिला आमच्यासारखे कागदावरचे फोटो चालत नसत. स्लाइड लागायची, म्हणजे पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेली रंगीत फिल्म. ती धुवायची सोय कोल्हापुरात नव्हती, म्हणून रोल माझ्यामार्फत मुंबईला जाऊन यायचा. मग प्रसेनजीत माझ्या काउंटरवरच्या उजेडाच्या पेटीवर स्लाइडा मांडून, भिंग डोळ्याला लावून बसायचा आणि माझी गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जायची.

एजन्सीचं उत्तर बहुधा ठरलेलं. कोल्हापूरचे आहात तर पैलवान पाठवा, फेटे पाठवा, चपला पाठवा. हा पाठवायचा कांद्याच्या पातीवरचं दव, गुऱ्हाळाबाहेर वाळत पडलेली चिपाडं, एस. टी.च्या खिडकीवर सुकलेला चिखल. दहा गेले की नऊ परत. मी म्हणायचो, "अरे, मागत्यात ते दे की." तो म्हणायचा, "त्यास्नी कोल्हापूर आदीच ठाऊक हाय, तर मला कशाला इचारत्यात?" ह्यावर मी चहा मागवायचो.

गांडुळांचं वेड त्यानं शेतकी प्रदर्शनातून आणलं होतं, डब्यात घालून. फुलेवाडीच्या पुढं नोकरदारांची एक कॉलनी आहे, तिथं त्याचं घर. परसात त्यानं टाकी बांधली आणि घरातला ओला कचरा तिच्यात जिरवायला लागला. रोल घातला की पहिला फोटो टाकीचा, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. पट्टी अशासाठी की ढीग किती खाली बसला ते कळावं. घरी भिंतीवर त्यानं ट्रेसिंग पेपरचे दोन ताव टांगले होते. एकावर टाकीतल्या खताची रेघ, दुसऱ्यावर एजन्सीनं ठेवून घेतलेल्या फोटोंची. एकावर एक धरले की दोन्ही रेघा एकदम दिसायच्या. फोटोंसाठी भटकला की गांडुळं वाळायची, गांडुळांत रमला की फोटो थंडावायचे. एक रेघ चढली की दुसरी झोपलीच. "दोन बायकांचा दादला हाईस बघ तू," मी म्हणालो, तर घरातून भांडं आपटल्याचा आवाज आला.

आवाज बायकोनं केला नव्हता. ती बिचारी शाळेत शिकवायला गेलेली. भांडं आपटलं होतं शेवंताबाईंनी, त्याच्या आईनं.

शेवंताबाईंना ती टाकी डोळ्यांसमोर नको होती, आणि त्याला कारण होतं. तिचे मालक गणपतराव मूळचे हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातले. मेलेली ढोरं ओढायची, दुसऱ्यांच्या दारातली घाण काढायची, हे काम गावानं त्यांच्या घराण्याच्या बोकांडी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेलं. धर्मांतर झालं, कुरण्यांचं घर बौद्ध झालं, आणि तरण्या गणपतरावांनी चावडीपुढं उभं राहून सांगितलं की इथून पुढं तुमचं ढोर तुम्ही ओढा. गावानं दाणा तोडला, वाट तोडली. ते नव्या नवरीला घेऊन इचलकरंजीला गेले आणि जन्मभर मागावर राबले. पाळी कुठलीही असो, घरातून निघताना कपडे पांढरेशुभ्र. ती नवी नवरी म्हणजे शेवंताबाई. त्या पांढऱ्या कपड्यांना नीळ तिनंच घातली होती.

"तुज्या बानं जेच्यापायी गाव सोडलं," ती लेकाला म्हणाली, "ते तू डब्यात घालून घरात आणलास?"

"आई, ते दुसऱ्याचं व्हतं. हे आपल्या ताटातलं हाय."

"घाण ती घाण."

टाकीवरून जावं लागलं तर ती पदर आवळून जायची आणि आल्यावर पाय धुवायची. दोन वर्षं हे असंच चाललं. प्रसेनजीतही कमी नाही. आईशी वाद घातला नाही आणि टाकीही हलवली नाही.

मग पंचाण्णवचा उन्हाळा आला, आणि उन्हाळा म्हणजे आमच्याकडं वर्षाची चटणी. कोल्हापूरच्या घरात मीठ संपलं तर शेजारी मागता येतं, पण चटणी संपली तर अब्रू जाते. शेवंताबाईंनी मिरच्यांचं पोतं अंगणात ओतलं, देठं खुडली, कांदे चिरून वाळवले, लसणाची ढीगभर साल काढली. मी तिथं होतो, कारण त्या चटणीतली किलोभर मला मिळायची होती. संध्याकाळी सगळं कांडपावर गेलं आणि अंगणात उरली देठं, बिया, सालपटं आणि सडके कांदे. घंटागाडी तेव्हा रोज येत नसे. आता हा पसारा टाकायचा कुठं? शेवंताबाईंनी टाकीकडं बघितलं. एवढा लाडाचा उकिरडा घरात असताना लांब कशाला जायचं, असं म्हणून तिनं सगळं टोपलं टाकीत पालथं केलं. त्यात राग होता की सोय, ते तिचं तिला माहीत. दुसऱ्या कुठल्या गावात एवढा तिखट कचरा एका दिवसात एका टाकीत पडला नसता.

बिचाऱ्या गांडुळांना कोल्हापुरी चटणी कुठली सोसायला! रात्रीत सगळी टाकीबाहेर पडली. न्हाणीच्या पाण्याची ओल धरून गटारीच्या कडेनं निघाली ती थेट शेजारच्या अंगणात. शेजारी हंबीरराव, कारखान्यातून निवृत्त झालेले आणि कॉलनीचे चेअरमन. त्यांच्या अंगणाची शहाबादी फरशी रोज संध्याकाळी नळीनं धुतली जायची. ओली, गार, सावलीतली. गांडुळांना आणखी काय पाहिजे? सकाळी हंबीरराव पेपर घ्यायला बाहेर आले तर फरशीभर लालभडक वळवळ.

त्यांनी जो आवाज टाकला त्यानं अर्धी कॉलनी गोळा झाली. मी आदल्या रात्री चटणीच्या आशेनं मुक्कामालाच राहिलो होतो, मीही चूळ भरता भरता धावलो. हंबीरराव तसे शिवीगाळ करणारे गृहस्थ नव्हेत. ते नेहमी मऊ बोलत. त्या दिवशीही मऊच बोलले.

"कुरणे," ते म्हणाले, "तुम्हाला ह्याची सवय असेल. आम्हाला नाही."

आता हे वाक्य कागदावर साधं दिसतं. तिथं उभं राहून ऐकलं असतंत तर कळलं असतं. सगळ्यांना कळलं. कुणी पायाकडं बघायला लागलं, कुणी आभाळाकडं. प्रसेनजीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून शेवंताबाई आल्या. हातात पितळी परात, आदल्या दिवशीच्या पिठाची. त्या सरळ हंबीररावांच्या अंगणात शिरल्या.

"कशाची सवय, सरकार?"

हंबीररावांनी हातातल्या पेपरची घडी घातली.

"सवय माज्या सासऱ्याला व्हती. दुसऱ्यांची ढोरं ओढायची. ती आमी मोडली. त्येच्यासाठी गाव सोडलं." ती खाली उकिडवी बसली. ज्या बाईनं दोन वर्षं टाकीजवळून जाताना पदर आवळला होता, तिनं पहिलं गांडूळ दोन बोटांनी उचललं आणि परातीत ठेवलं. "ही दुसऱ्याची न्हाईत. ही माजी हायती. माजी मी न्हेतो."

एकेक करून ती गोळा करायला लागली. घाई नाही, किळस नाही. मध्येच वर बघून लेकाला म्हणाली, "हुबा काय ऱ्हाईलास? आण तुजं ते. काढ फोटो. सगळ्यास्नी दिसू दे कुणाची हायती."

आई गुडघ्यावर आणि हा गडी कॅमेरा आणायला पळाला, असं पुढं कॉलनीत सांगितलं गेलं. खोटं आहे. तिनं पाठवला म्हणून गेला. त्यानं त्या सकाळी काढलेल्या सगळ्या फोटोंत एक असा उतरला की मुंबईहून स्लाइड आली तेव्हा भिंग डोळ्यावरून काढायला मला जमेना. शेवंताबाई उकिडव्या, मांडीवर परात, ओंजळीत ओली लाल गांडुळं, आणि नजर वर, चौकटीबाहेर उभ्या असलेल्या कुणाकडं तरी. तो कुणी कोण हे फोटोत दिसत नाही, पण त्याची काय हिंमत झाली असेल पुन्हा बोलायची, ते दिसतं.

प्रसेनजीतनं आईला विचारलं, "हा मुंबईला धाडू का?"

"खाली काय लिवनार?"

"तू सांग."

"लिव की ही बाई आपलं गोळा करत्या. दुसऱ्याचं न्हाई." मग म्हणाली, "एवढं लिवनार असतील तर धाड. न्हाईतर घरात ऱ्हाऊ दे."

त्यानं शब्द दिला. पुठ्ठ्याच्या चौकटीवर, नकाशावर लिहायच्या त्याच्या त्या सुबक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं: माझी आई, आमची गांडुळं. सोबतच्या कागदावर तिचं नाव, गाव. एजन्सीनं तो फोटो ठेवून घेतला.

त्या सकाळनंतर टाकी शेवंताबाईंची झाली. उरलीसुरली गांडुळं तिनं धुऊन पुसून नव्या शेणात सोडली, मिरचीचं एक बी टाकीत पडू दिलं नाही, आणि वर्षभरात टाकी पुन्हा भरली. भिंतीवरची ती रेघ इतकी चढली की प्रसेनजीतला ताव जोडावा लागला. खत इतकं निघायला लागलं की कॉलनीतले लोक मागायला येऊ लागले. शेवंताबाई कुणाला नाही म्हणाली नाही. फक्त एक नियम केला. ज्याला पाहिजे त्यानं यावं, टाकीत हात घालावा, गांडुळं बाजूला सारून खत स्वतः भरून न्यावं. चमचा नाही, खुरपं नाही, गडी नाही.

हंबीररावांना गुलाबांचा शौक. त्यांनी पहिल्यांदा बागेतल्या माणसाला पाटी घेऊन पाठवलं. तिनं रिकामी पाटी परत पाठवली आणि निरोप दिला, "मालकास्नी धाडा." दुसऱ्यांदा सुनेला पाठवलं. सुनेला चहा मिळाला, खत नाही. गुलाब वाळायला लागले. शेवटी एका रविवारी चेअरमनसाहेब स्वतः आले, बाह्या सारून टाकीशी उकिडवे बसले. शेवंताबाई कट्ट्यावर बसून सांगत होत्या, "हळू सरकार, त्येला लागंल. हां, आता खालनं घ्या." मला हे बघून इतका आनंद झाला की मी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात मुंबईहून मोठं पाकीट आलं. आत एक गुळगुळीत इंग्रजी पुस्तिका, परदेशी पैशावर चालणाऱ्या कुठल्याशा संस्थेची. मुखपृष्ठावर शेवंताबाई. आतल्या पानावर, बारीक पण स्वच्छ अक्षरांत, आख्खं नाव: छायाचित्र, प्रसेनजीत कुरणे. मी दुकानातच ओरडलो. बाजूच्या हॉटेलातून भजी आली. एवढी वर्षं ज्या नावापायी ह्या माणसानं रोल जाळले, ते नाव छापून आलं होतं. तो नुसता त्या ओळीवर बोट फिरवत होता.

मग त्याचं बोट वरच्या ओळीवर गेलं आणि थांबलं. मी म्हटलं काय झालं? त्यानं वाचून दाखवलं, मराठी करून. मुखपृष्ठावर: कोल्हापूर, भारत. कचरा वेचून जगणारी एक स्त्री.

भजी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. शेवंताबाई टाकीवरचं गोणपाट भिजवत होत्या. त्यानं पुस्तिका तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा चेहरा बघून हसली. म्हणाली, "म्हातारी झालो की रं मी." मग विचारलं, "काय लिवलंय?"

त्यानं सांगितलं. खोटं सांगता आलं असतं. त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

ती गोणपाट पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"माजं नाव?"

"न्हाई."

"तुजं?"

"हाय. आत हाय."

"म्हंजी फोटो कुनी काढला ते कळलं," ती म्हणाली. "कुनाचा काढला ते न्हाई कळलं."

त्याला ते फार लागलं. मलाही लागलं, आणि राग आला. तिच्यावर नव्हे. मुंबईत गार खोलीत बसून, चौकटीवरची सुबक अक्षरं वाचून, मग ती झाकून वर दुसरंच चिकटवणाऱ्या त्या हातावर. जे ओझं टाकायला ह्या बाईनं गाव सोडलं, ते ह्यांनी एका ओळीत पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवलं आणि छान गुळगुळीत कागदावर छापलं.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतनं माझ्या शेजारच्या एस. टी. डी. बूथवरून एजन्सीला फोन लावला. काचेच्या खोक्यात मी त्याच्याबरोबर कोंबून उभा. पलीकडचे साहेब आधी अभिनंदन करत होते.

"खाली जे लिवलंसा ते खोटं हाय," हा म्हणाला. "ती माजी आई हाय. आपल्या घरची गांडुळं गोळा करत्या. मी लिवून धाडलंतं."

साहेब समजावणीच्या सुरात आले. मला रिसीव्हरजवळ कान लावून सगळं ऐकू येत होतं. "कुरणे, बघणाऱ्याला गोष्ट लागते. तुमच्या ओळीत गोष्ट नाही. आईनं गांडुळं उचलली, त्यात काय? ह्या ओळीनं फोटो चालला. आता पोस्टरसाठीही मागणी आहे. तुमचं नाव मोठं छापून देऊ."

"आनी तिचं?"

"तिचं नाव कशाला? ती प्रतिनिधी आहे."

"कुनाची?"

मग साहेब म्हणाले की असले बदल करत बसलो तर धंदा होणार नाही, आणि तुम्ही हौशी लोक फार हळवे असता.

"बरं," प्रसेनजीत म्हणाला. "मग माजं सगळं परत धाडा. हा फोटो, आनी आजवर ठेवून घेतलासा ते सगळं. एकबी तिथं ऱ्हायला नको."

मी त्याचा दंड धरला. ह्या फोटोचं ठीक, पण बाकीचे कशाला? कांद्याचं दव, चिपाडं, इतक्या वर्षांची भटकंती. त्यानं माझा हात झटकला. "जो माज्या आईचं नाव खोडतो, तो दवाखाली काय लिवंल त्येचा काय नेम?"

रजिस्टर पत्रं गेली, उलट पत्रं आली, साहेब चिडले, मग कंटाळले. पोस्टर निघालं नाही. दिवाळीच्या आसपास पुठ्ठ्याची पेटी आली. सगळ्या स्लाइडा. त्या दिवशी त्यानं भिंतीवरच्या फोटोंच्या तावावर ती रेघ पुरी केली. इतकी वर्षं हळूहळू चढवत आणलेली रेघ त्यानं वरून खाली, सरळ शून्यावर आणली. ट्रेसरचा हात, केसभरही वाकडी नाही. बाकीची रेघ बारीक टाकानं काढलेली होती. ही त्यानं सगळ्यांत जाड टाकानं काढली.

लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. ऑफिसात म्हणाले, नाव आलेलं घालवलं. कॉलनीत म्हणाले, एवढं काय झालं, एक ओळ तर होती. मी त्या प्रत्येकाला विचारायचो, तुमच्या आईच्या फोटोखाली लिहू का ती ओळ? बहुतेक जण मग फोटो न धुताच घरी जायचे. धंद्याला हे बरं नव्हतं, पण माझ्या जिभेला मी आधीपासूनच फारसं सांगत नाही.

प्रसेनजीतनं कॅमेरा काही ठेवून दिला नाही. रोल येत राहिले, पहिली फ्रेम टाकीची. फक्त स्लाइडा गेल्या आणि साधे रोल आले. मग रोलही गेले. दोन हजार पाचच्या सुमारास मी लॅबमध्ये डिजिटल मशीन घेतलं, कॉम्प्युटर घेतला, इंटरनेट आलं. कुठून तरी त्याला कळलं की आता परदेशातली फोटोंची गोदामं थेट कॉम्प्युटरवर उघडी असतात, कुणीही फोटो चढवावेत आणि खालची ओळ ज्याची त्यानंच लिहावी. हे शेवटचं ऐकल्यावर तो उठून उभाच राहिला. दुसऱ्याच दिवशी त्यानं शेवंताबाईंची स्लाइड स्कॅन करायला दिली.

आईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "अट तीच."

फोटो चढवताना शोधासाठी शब्द भरावे लागतात. लोक लिहितात भारत, स्त्री, माती, हिरवळ. ह्यानं सगळ्यांत आधी टाइप केलं: शेवंताबाई कुरणे. मी डोक्यावर हात मारला. "अरे, अमेरिकेत बसून कोन शेवंताबाई शोधनार हाय?"

"नसू दे शोधत. पन सापडली तर तीच सापडंल."

भिंतीवर नवा ताव लागला. रेघ जमिनीशीच सरपटत होती. त्या गोदामातून उत्तरं यायची, ह्या विषयाला मागणी नाही. तो ती उत्तरं मला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि हसायचा. शेजारच्या तावावर खताची रेघ मात्र छताला टेकायला आली होती.

दोन हजार आठ साली बंगळूरच्या एका छोट्या प्रकाशकाची मेल आली. मुलांसाठी मातीवर पुस्तक करत होते, त्यांना तो फोटो पाहिजे होता. प्रसेनजीतनं उलट एकच प्रश्न विचारला, खाली काय लिहिणार? त्यांनी कळवलं, तुम्ही लिहिलंय तेच. पुस्तक माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी पाकीट फाडलं, पान काढलं. पानभर फोटो. खाली ठळक अक्षरांत: शेवंताबाई कुरणे, कोल्हापूर. स्वतःच्या घरची गांडुळं गोळा करताना.

मी ते तीन-चारदा वाचलं. मग फोटोग्राफरचं नाव शोधायला लागलो. कडेला नाही. आतल्या पानावर सगळ्या फोटोग्राफरांची यादी होती, तिच्यात नाही. पुढचं मागचं सगळं पालथं घातलं. विसरले होते. सरळ विसरले होते! माझं टाळकं सणकलं. तो ऑफिसातून आला तेव्हा मी फोन हातात घेऊन तयारच होतो. "हे बघ काय केलंय त्यांनी. तुझं नावच न्हाई. आत्ता लावतो फोन, चांगला झाडतो. एवढी वर्षं काय म्हणून मरत होतास? आख्खं नाव पायजे म्हणून ना?"

त्यानं पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोटोखालची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, ह्या वेळी बोट ठेवून.

"हाय की," तो म्हणाला. "कुरणे लिवलंय की."

मी फोन ठेवला. तो पुस्तक काखेत मारून बाहेर पडला, आईला वाचून दाखवायला. शेवंताबाई टाकीशीच असणार होत्या, कारण त्या दिवशी हंबीररावांचा खत भरून न्यायचा वार होता.